ढालकिड्याची पिल्लं

वालावर माव्याची कीड पडली त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं होतं. बाबांची इच्छा एकच: आपल्या कासू गावच्या शेतातल्या वालाची पोपटी, मडक्यात भाजलेल्या शेंगा. भाऊ डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला तो फवारणीचा पंप घेऊनच. बाबा खाटेवरून म्हणाले, "नाय. शेंगा सालीसकट मडक्यात जातात. औषधाची पोपटी नको मला." जीव अर्धा झाला, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती.

मग आईने कंबर कसली. रोज सकाळी शेतात जाऊन ती शेंड्यांवरचे काळे, काटेरी, नारिंगी डागांचे किडे वेचायची आणि राखेच्या डब्यात टाकायची. लाल ठिपकेदार ढालकिड्याला मात्र हात लावत नसे. देखणा ना तो! तरी मावा वाढतच गेला आणि पहिला बहर गळाला.

एकदा बाबांनी हट्ट धरला म्हणून भावाने त्यांना खुर्चीवर बसवून बांधावर नेलं. त्यांनी आईचा डबा मागून घेतला आणि राखेतला एक किडा चिमटीत धरला.

"अगो, ही ढालकिड्याचीच पिल्लं हायत. मावा खातात ती. राखणदार मारलेस तू."

"असली ध्यानं?" आई म्हणाली.

"रूपावर जातेस, तर माझ्याशी लगीन कसं केलंस?"

आम्ही हसलो. आई हसली नाही. बाबांनी मला जवळच्या पानावर एक ढेकणाएवढा किडा दाखवला. शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या अंगात सोंड खुपसून तो निवांत बसला होता. "ह्यालाही राहू दे," ते म्हणाले.

डबा त्या दिवसापासून घरीच राहिला. पिल्लं पुन्हा दिसू लागली, मावा ओसरला, दुसरा बहर धरला. शेंगा भरल्या तेव्हा बाबांना जाऊन आठवडा झाला होता.

तेरावं झाल्यावर भावाने शेतातच पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर पेंढ्याचा जाळ. नेहमीचाच वास सुटला आणि मला रडू आवरेना. आईने एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले, पण खाल्ले नाहीत.

"मी मारली नसती, तर पहिलाच बहर टिकला असता," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडात चार दाणे गेले असते गो."

शेंगा आपल्या वेळेलाच भरतात, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, आणि माझाही नव्हता.