साडभाऊंनी पाहून दिलेलं घर

माझे साडभाऊ अमरावतीत सगळ्यांना सांगतात, की जर्मनीतलं आमचं घर त्यांनी पाहून दिलं. सुटीत आम्ही दोघं सासरी आलो, की बारसं असो नाहीतर तेरवी, हा विषय निघतोच. "बाहेर देशात घर भेटनं सोपं हाय का? म्या होतो म्हनून," असं म्हणून ते माझ्याकडे बोट दाखवतात. मी चारचौघांत वाद घालत नाही, कारण घालायला लागलो की माझा आवाज चढतो आणि बायको चिमटा काढते. म्हणून हे लिहून ठेवतो.

मी अकोल्याचा. दालमिलच्या मशिना दुरुस्त करण्यात माझी निम्मी जिंदगी गेली. हेल्पर म्हणून लागलो, पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलं. एका जर्मन कंपनीच्या धान्य निवडायच्या मशिना वऱ्हाडात बिघडल्या की मीच जायचो. शेवटी त्या कंपनीनेच मला तिकडे कामाला बोलावलं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे हे साडभाऊ, त्याच शहरात बरीच वर्षं कॉम्प्युटरच्या नोकरीत आहेत. माझं जाणं ठरलं तेव्हा ते सुटीवर आलेले होते. सासऱ्यांच्या ओसरीत गिला वडा खाता खाता सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमी फक्त बॅग घेऊन या. घर म्या पाहून ठेवतो."

धंद्यात मी असा शब्द कुणाचाच धरत नाही. इथं नातं मध्ये आलं, आणि धरला.

विमानतळावर ते फुलं घेऊन आले. मी विचारलं, "घर?"

"अवो, इथं घर आधी पाहून ठेवता येत नाही. भाड्यानं राहनारा मानूस समोर लागते."

"मंग हे अमरावतीत काहून नाही सांगतलं?"

"तिथं सारे खाऊन राहिले होते."

कंपनीने काही आठवड्यांसाठी एक खोली दिली होती. त्यात माझी आणि बॅगेची सोय होती. पण भाड्याच्या घराचा करार दाखवल्याशिवाय बायकोला आणि मुलीला व्हिसा मिळणार नव्हता. उन्हाळ्यानंतर शाळा उघडणार होत्या. मुलगी अकोल्यात जर्मन शब्द पाठ करत बसली होती आणि बायको रोज फोनवर एकच विचारायची, "भेटलं का?"

पहिलं घर बघायला साडभाऊ दुभाषे म्हणून आले. वरचा मजला, शाळा जवळ, खिडकीसमोर मोठं झाड. मालक म्हातारे, इस्त्रीच्या शर्टातले. घर मला पाहताक्षणी आवडलं, म्हणून मी तोंड वाकडं केलं. अकोल्यात भंगारातली मोटर आवडली तरी आपण तिला आधी लाथ मारतो. मी न्हाणीघरातली ओल दाखवली. मालकांनी मान हलवली, हो, ओल आहे. रस्त्याचा आवाज येतो म्हणालो. हो, येतो. जिना उंच आहे. तेही त्यांना मान्य होतं. माणूस इतकं मान्य करतो म्हणजे भाव उतरणार, असं माझं गणित. मी भाडं कमी करायला सांगितलं. साडभाऊ कुजबुजले, "भाऊ, इथं भाव नोका करू." मी म्हटलं, "तुमी फक्त सांगा त्यायले."

त्यांनी सांगितलं. मालक हसून नाही म्हणाले. मग मी केलं ते आमच्याकडे कोणीही करतं. हात जोडले आणि उठलो.

या उठण्याचं शास्त्र आहे. उठायचं, पण जायचं नाही. दारापर्यंत बेताने चालायचं, बाहेर पडताना थोडं थांबायचं, मागे मात्र वळून बघायचं नाही. समोरच्याला हाक मारायला वेळ द्यायचा. अकोल्यात गिऱ्हाईक असं उठलं आणि दुकानदाराने "अहो भाऊ, बसा तर खरं" म्हटलं नाही, तर दुकानात काही तरी बिनसलंय असं समजतात. मी जिना इतका हळू उतरलो की साडभाऊ दोनदा माझ्या पाठीवर आदळले. पहिल्या वळणावर मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. वरून आवाज आला तो दार लागल्याचा.

दुसऱ्या दिवशी कळलं, घर कुणाला तरी दिलं.

"तुमी त्याले थांबवलं काहून नाही?" मी साडभाऊंवर चढलो.

"म्या काय थांबवू? तुमी रामराम केला, त्यानं रामराम केला."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अमरावतीत पोचली होती. बायकोचा फोन आला. "तुमी म्हने नाडी बांधत बसले अन् घर गेलं?" तिला हसू येत होतं, पण मागून मुलीने विचारलं, "मग आपण जायचं नाही का?" तेव्हा ती हसायची थांबली.

त्यानंतर मी अर्जांवर अर्ज केले. बहुतेकांचं उत्तरही आलं नाही. कंपनीची खोली सोडायचे दिवस जवळ आले. मग एके शनिवारी एका तुर्की बाईंच्या भाड्याच्या घराचा पत्ता मिळाला. त्या आपल्या मुलाकडे राहायला जाणार होत्या आणि त्यांच्या जागी त्या सुचवतील तो भाडेकरू घ्यायला मालक तयार होता. अट एकच, त्यांचं स्वयंपाकघर विकत घ्यायचं. तिकडे भाडेकरू निघाला की ओटा, कपाटं, शेगडी, अगदी भांडी धुवायचं सिंकसुद्धा उचलून नेतो. मागे भिंतीतून नळाची तोंडं तेवढी उरतात. नेता येत नसेल तर नव्या भाडेकरूला विकतो.

भाड्यात घासाघीस चालत नव्हती. पण ओटा विकायला काढलाय म्हटल्यावर माझ्या अंगात जीव आला.

साडभाऊंनी मला दारात सोडलं आणि ते गाडीला जागा शोधायला गेले. हे वाक्य अमरावतीकरांनी दोनदा वाचावं.

बाईंनी बूट काढायला लावले, छोट्या काचेच्या पेल्यात चहा दिला आणि मोबाइलवर आकडा दाखवला. मी हसलो. त्याही हसल्या. मी कपाटाचं ढिलं बिजागर हलवलं. त्यांनी तेच दार उघडून, लावून, पुन्हा उघडून दाखवलं. मी शेगडीचं एक बटण फिरवून कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी त्याच शेगडीवरचा पातेल्यातला भात वाढून माझ्यापुढे ठेवला. शब्द एक कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. मी आकडा खाली आणला, त्यांनी छातीवर हात ठेवून सुस्कारा टाकला. असा सुस्कारा मी अकोल्याहून निघाल्यापासून ऐकला नव्हता.

शेवटी सवयीने उठलोच. दाराशी जाऊन बूट चढवू लागलो. इथंही हाक आली नाही तर बायकोला काय सांगायचं? हाक आलीच नाही. बाई शांतपणे पेले कागदात गुंडाळत होत्या. मी एक नाडी बांधली. दुसरी बांधायला घेतली. तेव्हा त्या बशीत मिठाई घेऊन आल्या, माझ्या पुढ्यात धरली आणि डोळ्यांनीच आत यायची खूण केली.

मी बूट काढले. मिठाई संपायच्या आत सौदा झाला. त्यांनी तिथूनच मालकाला फोन लावला आणि माझ्याबद्दल बरंच काही बोलल्या. काय ते माहीत नाही, पण सोमवारी करारावर सही झाली.

साडभाऊ वर आले तेव्हा आम्ही दुसरा चहा घेत होतो.

"काय झालं?"

"झालं."

"काय झालं?"

"घर."

शाळा उघडायच्या आत बायको आणि मुलगी आल्या. मुलीने तिची खोली पाहिली. बायको सरळ ओट्याशी गेली. बिजागर हलवलं, बटण फिरवलं आणि विचारलं, "केवढ्याले?" सांगितल्यावर म्हणाली, "लय देले तुमी."

त्या रविवारी साडभाऊ सहकुटुंब आले, घरून गिला वडा करून घेऊन. जेवताना त्यांनी अमरावतीला व्हिडिओ कॉल लावला, फोन सगळ्या घरातून फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाले, "पाहा मामाजी, कसं घर पाहून देलं यायले."

माझ्या तोंडात वडा होता. तो नीट गिळून मी फोन हातात घेतला. म्हटलं, "हाव मामाजी. पार्किंग बी यायनंच पाहून देली."