चुंबळीचा काटा

हिवाळ्यात खोबरेल थिजतं, म्हणून रविवारी सकाळी मी वाटी उन्हात ठेवते आणि ते पाझरायला लागलं की आईला अंगणात पाटावर बसवून तिच्या केसांना तेल लावते. परभणीच्या माझ्या घरासमोरच्या त्या अरुंद अंगणात मार्गशीर्षातलं ऊन तिरपं उतरतं, शेजारच्या भिंतीवर कबुतरं अंग फुगवून बसलेली असतात, तेलाचा कोमट, ओळखीचा गंध हळूहळू पसरत जातो, आणि माझी बोटं भांगावरून मागे सरकत सरकत टाळूच्या त्या जागेशी येऊन थांबतात जिथे केस नाहीत. तळहाताएवढी जागा. त्वचा तिथे जाड आणि गुळगुळीत झालेली आहे. पंचवीसएक हंगाम आईने उसाच्या मोळ्या त्या एवढ्याशा जागेवर वाहिल्या. डोक्यावरचा पदर ती रीत म्हणून घेते असं लोकांना वाटतं. तो पदर त्या जागेसाठी आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी तिथे अंमळ जास्त वेळ रेंगाळते आणि ती दर वेळी म्हणते, “तिथं कशाला तेल वाया घालतीस? तिथं आता काय उगवायचं न्हाई.”

गेल्या हंगामातल्या अशाच एका रविवारी, हात तेलकट असताना, मुक्तावहिनीचा फोन आला. मुक्तावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दिवाळी झाली की दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. त्या वर्षी लांब जावं लागलं नव्हतं, गंगाखेडच्या पलीकडे गोदाकाठच्या उसाच्या फडांतच त्यांची तोड चालली होती. वहिनीच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. सकाळी चहाचा कप हातातून निसटला तरी तिला कळलं नव्हतं. मानेवर भार घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि म्हणून तिने मुकादमाकडे एवढंच मागितलं होतं की मी दिवसभर खाली ऊस गोळा करून मोळ्या बांधते, फक्त मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढायला लावू नका. मुकादम हसला होता. “तीस-पस्तीस किलोची मोळी. आमच्या माया पन्नास वाहत व्हत्या. आताच्या बायांची नुसती थेरं.” वहिनीने हे मला हसत हसतच सांगितलं, आणि ती हसली म्हणून माझा राग दुप्पट झाला.

माझा धंदा वजनाचा आहे. कारखान्यांच्या फाटकाशी जे मोठे काटे असतात, ज्यांच्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली उसासकट उभी राहते, ते दुरुस्त करायचं आणि नीट आकडा दाखवतात की नाही हे तपासायचं काम मी गेली काही वर्षं करते. त्या काट्यांच्या पोटात पोलादाचे ठोकळे असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर टिकलीएवढी, कागदाहून पातळ अशी एक पट्टी चिकटवलेली असते. तिला स्ट्रेन गेज म्हणतात. पोलाद आपल्याला अचल वाटतं, पण भार आला की तेही डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं, त्याच्याबरोबर ती पट्टी ताणली जाते, तिच्यातून वाहणाऱ्या विजेत सूक्ष्मसा फरक पडतो, आणि तोच फरक बाहेरच्या खोलीत किलो होऊन उमटतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हरखून गेले होते. लोखंडालासुद्धा ताण सोसावा लागतो आणि त्याची कुणीतरी दखल घेतं, याचं मला अपार कौतुक वाटलं होतं.

नंतर त्याच कौतुकाची चीड येऊ लागली. फाटकाशी उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतला प्रत्येक ऊस तोलला जातो, त्यात पाचट किती यावर वाद होतात, पण तोच ऊस आदल्या दिवशी मोळीमोळीने कुणाच्या तरी मस्तकावरून त्या ट्रॉलीत चढलेला असतो आणि तिथे कसलाच काटा नसतो. टोळीत तर माणसंही मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. माझा भाऊ आणि वहिनी अशी दोन हाडामांसाची माणसं मिळून एक अवजार होतात, आणि त्या अवजाराला मान असते हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. फोन ठेवल्यावर मी हात धुतले आणि ठरवलं की काटा तिथे लावायचा.

बाईच्या मस्तकावर भार जिथे टेकतो तिथे चुंबळ असते, जुन्या कापडाची पीळ देऊन केलेली गोल कडी. माझा काटा त्या चुंबळीतच बसणार होता. पोलादाच्या दोन पातळ कड्या, मध्ये चार छोट्या जिभा, प्रत्येक जिभेवर एक गेज. पृष्ठभाग घासून, स्पिरिटने पुसून, गोंदाचा थेंब टाकून गेज बसवलं की त्यावर अंगठा एक मिनिट दाबून धरावा लागतो. तेवढ्या वेळात अंगठा हलला तर गेज वाया जातं. त्या आठवड्यात कितीतरी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाशी अशी अंगठा दाबून बसले. कमरेला खोचायची एक डबी केली, तिच्यावर आकडा शून्यावर आणायचं बटण दिलं, आणि आकडा मोबाईलवर दिसेल अशी सोय केली. आई समोर शेंगा सोलत बसायची. तिचं जुनं लुगडं मी चुंबळीवर गुंडाळायला मागितलं तेव्हा तिने ते आणून दिलं खरं, पण देताना म्हणाली, “वझं मोजल्यानं वझं हलकं व्हतंय व्हय गं?”

मी चिडले. चिडले की माझं काम चांगलं होतं.

गोदाकाठचा तो फड मी पोचले तेव्हा दवाने ओला होता. तोडलेल्या उसाचा गोडसर, हिरवा वास, उसाच्या शेंड्यांच्या वाढ्यांची सळसळ, दूरवर नदीवरून उठणारं धुकं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये पिवळी ट्रॉली उभी. तिच्या पाठीला एक लांब फळी तिरकी लावलेली होती, आणि त्या फळीवरून बायका एकामागून एक डोक्यावर मोळ्या घेऊन चढत होत्या. प्रत्येक पावलाला फळी खाली दबत होती आणि उसळत होती. मुकादमाने मला चहा पाजला. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. लहानपणी त्यानेही ऊस तोडला होता आणि बायकांच्या मानेविषयी त्याने कधी विचार केला नव्हता, इतकंच. “मोजा की म्याडम,” तो म्हणाला. “मला तरी कुठं खोटं बोलायचंय.”

वहिनीला तेव्हाही मोळ्या चढवाव्याच लागत होत्या. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, मी आकडा शून्यावर आणला, टोळीतल्या दोघींनी मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि ती फळी चढून वर गेली. मोबाईलवर आकडा संथपणे वर सरकत गेला आणि थांबला. छत्तीस.

“बघा,” मुकादम म्हणाला. “तीस-पस्तीस म्हनलं व्हतं. एका किलोनं काय व्हतंय?”

जमलेल्या बाप्यांत हशा पिकला. माझे कान तापले. इतक्या हट्टाने केलेला माझा काटा भर फडात, माझ्या डोळ्यांदेखत, मुकादमाची साक्ष देत होता, आणि काटा खोटा आहे असं म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती. घरून आणलेल्या प्रमाणित वजनांवर तो मी तीनदा पारखला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. वहिनी खाली उतरली, डावा हात उजव्या हाताने चोळत माझ्याशेजारी उभी राहिली आणि मोबाईलकडे बघत राहिली. मग अगदी साधेपणाने, जणू मिठाचा अंदाज सांगावा तसं, ती म्हणाली, “वन्सं, हे उभं राहिल्यावरचं हाय. उभं राहून कोन वाहतंय? फळीवर पाय टाकला की मानंत जे बसतंय, ते कुठं गेलं यात?”

ते मी पुसून टाकलं होतं. माझ्या स्वतःच्या हातांनी.

फाटकाशी ट्रॉली काट्यावर आली की थोडा वेळ हलते, आकडा वरखाली होतो, आणि आम्ही तो थांबायची वाट बघतो. थरथर शमल्यावर जे उरतं त्याला आम्ही वजन म्हणतो. त्याच सवयीने मी चुंबळीच्या काट्यालाही शिकवलं होतं की सेकंदाला ऐंशी वेळा येणारे आकडे घे, त्यांची सरासरी काढ, उसळी आली तर ती गडबड समजून सोडून दे. बाईच्या मानेला बसणारा हरेक हिसका मी गडबड म्हणून सोडून दिला होता. मुकादमाने निदान तिच्या वेदनेला थेरं म्हटलं होतं, नाव तरी दिलं होतं. मी तर तिची नोंदच ठेवली नव्हती. इतकी वर्षं आईच्या टाळूला तेल लावणारी मी, मला हे कुणी सांगायला हवं होतं याची मला भयंकर लाज वाटली.

टोळीच्या कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या सावलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी प्रोग्रॅममधला तो सरासरीचा भाग पुसून टाकला. चार ओळी होत्या, दोन मिनिटांचं काम. पुन्हा चुंबळ घेऊन गेले तेव्हा वहिनीने हात पुढे केला, पण टोळीतल्या सुमनबाई मध्ये आल्या. धिप्पाड, काळ्या, सगळ्या टोळीत त्यांच्या ताकदीचा लौकिक. “तिला कशाला सारखं चढवता? आना इकडं,” त्या म्हणाल्या. खाली उभ्या असताना आकडा छत्तीसच्या आसपास घुटमळला. पहिलं पाऊल फळीवर पडलं आणि तो पंचेचाळीसवर उडाला, खाली आला, दुसऱ्या पावलाला अठ्ठावन्न, पुन्हा खाली, आणि फळीच्या मध्यावर, जिथे ती सगळ्यात जास्त उसळत होती, तिथे एकसष्ट. एक क्षणभर. मग त्रेचाळीस. मग पुन्हा साठ.

“काटा बिघडला तुमचा,” मुकादम म्हणाला. “आकडा नाचायलाय.”

“काटा न्हाई बिघडला,” मी म्हणाले. रागात माझी परभणीतली भाषा गळून पडते आणि गावची तोंडात येते. “फळी नाचायलीय, अन् तिच्यासंगं मान.”

“तरी पन एक काय तो आकडा सांगा की. ठरलेला.”

ठरलेला आकडा मी दिला नाही. तो मागत होता ते माझ्या व्यवसायात अगदी रास्त होतं. कुठलाही काटा एकच आकडा सांगतो, तेव्हाच त्याला काटा म्हणतात. पण त्या सकाळी मला स्वच्छ कळलं होतं की तो एक आकडा दिला की फळी नाहीशी होते, चढण नाहीशी होते, आणि बाई जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला आणि म्हणाले, हेच वजन, असंच घ्या. त्याने मान तिरकी करून आकड्याकडे पाहिलं. सुमनबाई मात्र वर ट्रॉलीतूनच ओरडल्या, “माझा किती आला?”

“एकसष्ट,” मी सांगितलं.

“अगं माय!” त्या म्हणाल्या, आणि मानेवरून हात फिरवत खाली उतरल्या.

त्यानंतर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. सगळ्याच बायकांना आपापला आकडा बघायचा होता. एकेक जण चुंबळ घेऊन चढली, उतरली, मोबाईलवर वाकली, आपला आकडा दुसरीला सांगितला. जत्रेत पाळण्यात बसून आल्यावर पोरी बोलतात तशा त्या बोलत होत्या, फक्त हसत नव्हत्या. ऊस बाप्ये तोडतात, पण मोळी बांधतात बायका, आणि मोळी केवढी बांधायची हे बांधणारीच्या हातात असतं ही इतकी उघड गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आली. दुपारनंतरच्या मोळ्या लहान झाल्या. फळीखाली मधोमध कुणीतरी उसाची जाड जुडी टेकू म्हणून लावली. आणि सुमनबाईंनी मुकादमाला न विचारता, त्याच्याकडे पाठ करूनच जाहीर करून टाकलं, “मुक्ता खाली बांधंल. तिच्या वाटच्या आमी चढवू.”

ट्रॉली त्या दिवशी उशिरा भरली. मुकादम धुसफुसला, पण सगळ्या टोळीशी एकाच वेळी भांडणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. कुठलाही नियम झाला नाही, कुठे काही लिहिलं गेलं नाही, आणि दुसऱ्या फडांत आजही मोळ्या तेवढ्याच जड आहेत हे मी जाणते. मी आणखी चार चुंबळी केल्या आहेत. सरासरी त्यांच्यातल्या एकीतही नाही. वहिनी पूर्ण हंगाम खाली राहिली, एकदाही फळी चढली नाही. तिची बोटं अजून पूर्ण जागी झालेली नाहीत, पण कप निसटत नाही.

घरी आले त्या संध्याकाळी मी हे सगळं आईला सांगितलं. आई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिने चुंबळ हातात घेतली, आपल्या जुन्या लुगड्याचा काठ ओळखून त्यावरून बोट फिरवलं, पदर मागे सारला आणि ती डोक्यावर ठेवली, नेमकी त्या बिनकेसांच्या जागेवर. डोक्यावर भार काहीच नव्हता. तरीही तिची पाठ ताठ झाली, हनुवटी किंचित उचलली गेली, आणि उजवा हात आपोआप वर जाऊन चुंबळीवर टेकला आणि तिथे नसलेली मोळी सावरू लागला.

“काय दाखवतंय?” तिने विचारलं.

मोबाईलवर दोन किलो दिसत होते. तिच्याच तळहाताचा दाब होता तो. भार नसताना काटा काही दाखवू लागला तर तो शून्यावर आणायचा असतो, कामातला पहिला धडाच तो, आणि माझा अंगठा सवयीने डबीवरच्या बटणाकडे गेलासुद्धा.

मी अंगठा मागे घेतला. “दोन किलो, आई,” मी म्हणाले.

“अजून हाय व्हय?” ती म्हणाली, आणि हात तसाच वर धरून बसून राहिली.