घरात दोन हजबंड

गावच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. फेब्रुवारीत एका धड्यात ‘अ‍ॅनिमल हजबंडरी’ असा शब्द आला. पशुपालन असा अर्थ सांगून मी पुढे सरकणार, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, गुराढोरांत हजबंड कुठून आला?” वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले, कारण उत्तर मला माहीत नव्हतं. “उद्या सांगते,” हे शिक्षकांचं हुकमी वाक्य टाकून मी घंटेची वाट पाहत बसले.

घरी येऊन जाडजूड शब्दकोश काढला आणि चपलाही न काढता वाचत उभी राहिले. या शब्दाचा लग्नाशी मुळात संबंधच नव्हता! युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला. त्यातला पहिला भाग म्हणजे घर, आणि दुसरा म्हणजे वस्ती करून राहिलेला, जमीन कसणारा. घर धरून राहतो, शेत पाहतो, गुरं सांभाळतो तो हजबंड, मग त्याचं लग्न झालेलं असो वा नसो. नवरा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आपल्या ‘घरधनी’ या शब्दाचा हा चुलतभाऊच म्हणायचा.

मी कोश मिटला आणि घरभर नजर फिरवली. तीस वर्षं हे घर धरून कोण राहिलं होतं? खारेपाटातलं हे घर, खाडीच्या बांधाआडचं भातशेत, दोन म्हशी, सासूबाईंची औषधं, पावसाळ्यातली गळती, मजुरांचे रुसवेफुगवे, सगळं माझ्याकडे. आमचे मिस्टर न्हावा शेव्याला, जहाजांच्या एजंटाच्या कचेरीत. जहाज कधीही बंदराला लागायचं, म्हणून तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि रविवारी पाहुण्यासारखे यायचे. म्हणजे कोशाप्रमाणे या घरातला हजबंड मीच होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी शेतीचा भाग तेवढा सांगितला, बाकीचा स्वतःपाशी ठेवला.

कोशात खाली आणखी एक अर्थ होता: जहाजाचा हजबंड. जहाज बंदरात आलं की त्याचं पाणी, शिधा, डागडुजी, कागदपत्रं असं सगळं पाहणारा किनाऱ्यावरचा माणूस. निवृत्त होईपर्यंत ह्यांचं अगदी हेच काम. शिवाय इंग्रजीत जहाजाला ‘ती’ म्हणायची पद्धत. कोश पाहिला त्याच संध्याकाळी चहा देताना मी म्हटलं, “अहो, तुम्ही किती जणींचे नवरे होतात ते आज कळलं.” आधी दचकले. सगळा खुलासा ऐकल्यावर म्हणाले, “त्यांतल्या एकीनंही मला कधी दळण आणायला पाठवलं नाही.”

पण हसण्यावारी न्यावं अशी परिस्थिती नव्हती. जानेवारीत ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले होते, आणि जहाजांची उस्तवार करणाऱ्या माणसाला आता उस्तवार करायला माझं घर तेवढं उरलं होतं. शाळेतून यावं तर डबे उंचीप्रमाणे लावलेले, आणि हिंग बेपत्ता. म्हशीच्या धारेची वेळही त्यांनी बदलली. म्हशीनं ती मानली नाही, एवढंच माझं समाधान.

मे महिन्यात मात्र कहर झाला. जेवताना सहज सांगावं तसं म्हणाले, “खालचं शेत कोळंबीच्या तळ्याला देऊन टाकू. मी शब्द दिलाय.”

त्या शेतात मी दरसाल तांबडं भात लावते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. “कुणाला विचारून शब्द दिलात?”

“घरातला कर्ता पुरुष आहे मी. विचारायचं कुणाला?”

त्यानंतर आमचं बोलणं ‘मीठ द्या’ आणि ‘दार लावा’ एवढ्यावर आलं. शेत राहणार की जाणार हा प्रश्न होताच. पण या घराचं यापुढे कोण ठरवणार, हा त्याहून मोठा होता, आणि दोघांपैकी कुणीच मागे हटायला तयार नव्हतं.

तशात अमावास्येच्या उधाणात बांध फुटला. आमच्याकडे त्याला खांड जाणं म्हणतात. भरतीचं खारं पाणी शेतात साचून राहिलं तर भाताचं काही खरं नसतं, म्हणून ओहोटी लागली की भगदाड लगेच बुजवावं लागतं. बांधाआड ज्याचं शेत, त्याच्या घरचं एक माणूस तिथे आलंच पाहिजे, अशी गावची रीत. दुपार कलताना वाडीतला एकजण बोलवायला आला. हे लगबगीनं पुढे झाले.

“खांड गेली! बाई हायत का घरात?”

“मी आहे ना. मी येतो.”

तो घुटमळला. “तसं न्हाय, काका. तुमाला तिथलं काय ठावं न्हाय. बाईंनाच धाडा.”

मी आत पदर खोचत होते. खोटं कशाला बोलू, ऐकून मला गुदगुल्या झाल्या. बाहेर आले तर हे पँट दुमडायला वाकलेले, ते तसेच थांबलेले. वर पाहिनात. माझा सगळा आनंद मावळला. तीस वर्षांनी माणूस स्वतःच्या घरी येतो आणि त्याच्याच दारात त्याला कुणी हिशेबात धरत नाही, हे फार वाईट. “चला,” म्हटलं, “दोघं जाऊ.”

बांधावर चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. आम्ही रांगेत शिरलो. हे दोनदा घसरले, दुसऱ्यांदा माझा हात धरून मलाही चिखलात घेऊन बसले. सगळी रांग हसली, तेही हसले. कोणकोणत्या घरचं माणूस आलंय ते पाहत एक म्हातारबुवा फिरत होते. ते ह्यांच्यापाशी थबकले. “ह्ये कोन? कुनाच्या घरचं?”

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, “बाईंच्या घरचा.”

त्या बोलण्यात थट्टा नव्हती, रागही नव्हता. गोळा माझ्या हातात देऊन ते पुढचा घ्यायला वळले. भरती यायच्या आत खांड बुजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “माझं चुकलं. घरात विचारल्याशिवाय शब्द द्यायला नको होता. शेत नाही देत आम्ही.” मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“अगं, खाली यंदा काय लावायचं?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. दरसाल मीच ठरवायचे, मीच निस्तरायचे, आणि त्याचा मला केवढा तोरा होता. उत्तर जिभेवर तयार होतं, पण डोळेच भरून आले. हातातली परात मी बाजूला ठेवली.

“बसा,” म्हटलं. “ठरवू.”