इतर परिस्थिती कायम

टीचरना काहीच समजत नसे. निदान शनिवारी सकाळी आमच्या कॉलेजात शेवटच्या बाकावर बसल्या की समजत नसे. मी फळ्यावर दोन ओळी लिहून वळतो न वळतो तोच मागून हात वर व्हायचा. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, कोपर पहिलीतल्या मुलीसारखं ताठ. "सर, माका समजूक नाय. परत एकदा सांगा बघया, सोपा करून."

वर्ग हसायचा. टीचरही हसायच्या. हात मात्र खाली यायचा नाही.

टीचर किनाऱ्यावरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवायच्या. गावात ख्रिस्ती घरातल्या शिक्षिकेला टीचर म्हणतात, तशा त्या सगळ्यांच्याच टीचर. चर्चचे फादरही टीचर म्हणत आणि मासेवालीही. आमच्या कॉलेजने बारावीच्या मुलांसाठी एक नवी सोय केली होती. शनिवारी येऊन पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर अर्थशास्त्राचा एक विषय शिकायचा, परीक्षा द्यायची. पास झालात तर त्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तुमच्या खात्यावर, पुढे कॉलेजात आलात की तेवढा विषय आधीच झालेला. विषय शिकवणारा मी. आजूबाजूच्या शाळांना पत्रं गेली. मुलं पाठवली ती फक्त टीचरनी, आणि एसटीने मुलांबरोबर स्वतःही आल्या.

ही मुलं त्यांनी घरोघरी फिरून गोळा केली होती. समिधा नावाची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची छोटी होडी. त्यांनी टीचरना अंगणातच अडवलं होतं. "क्रेडिट म्हणजे उधार मां, टीचर? मगे फेडूचा कोणी?"

"फेडूचा नाय रे, साठवूचा. पावसाक सुक्या म्हावऱ्याची बेगमी करतस मां? तसाच ह्या."

ते हसले, पण अट घातलीच. "बरा. ह्या एक जमला तर फुडे शिकवतंय. नायतर बारावी झाली काय मुंबैक मावशेकडे धाडतंय." हे मला टीचरनीच सांगितलं होतं, पहिल्याच शनिवारी. म्हणजे समिधाचं काय पणाला लागलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे मला पळवाट नको.

दुसरंही एक मला ठाऊक होतं. एकदा तास संपल्यावर कँटीनमध्ये चहा घेताना मी जरा खोचकपणेच म्हटलं, "टीचर, तुम्ही गणिताच्या. आलेख तरी तुम्हाला समजायला हरकत नाही."

टीचरनी बशी खाली ठेवली. "सर, माका समाजता. पण ह्या पोरांका विचारूक लाज वाटता. कॉलेजातली मोठी पोरां हसतली म्हणान. मगे माका हसांदेत. माका आता कोण बघूक येवचो नाय."

त्यांच्या पिशवीत मालवणी खाजा असायचा, आल्याच्या वासाचा. परतीच्या एसटीत सगळ्यांना एकेक तुकडा. ज्याने वर्गात स्वतः प्रश्न विचारला त्याला दोन. पहिले कित्येक शनिवार दुसरा तुकडा कुणाच्याच वाट्याला आला नाही. रोशन नावाचा एक वात्रट मुलगा होता, तो म्हणायचा, "टीचर, तुमीच सगळे प्रश्न विचारतास, मगे दोन तुकडे तुमीच खावा."

आणि मग एका शनिवारी समिधाने हात वर केला. पुरता वर नाही, कानापर्यंतच. "सर, म्हावरा जास्त मिळाला काय भाव पडता. मगे सगळे होडयेवाले एकाच दिवशी कित्याक जातत?" माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता असा प्रश्न. मी टीचरकडे पाहिलं. त्यांनी समिधाकडे मुळीच पाहिलं नाही. मान खाली घालून पिशवीत खाजा आहे ना ते चाचपत होत्या.

असे दोनतीन शनिवार फार चांगले गेले. आता वाटतं, माझ्या नोकरीतले तेच चांगले. रोशननेही दोन तुकडे मिळवले.

मग तो तास आला. मागणीचा नियम. अर्थशास्त्रात हा नियम सांगताना सुरुवातीला चार शब्द म्हणावेच लागतात: इतर परिस्थिती कायम असताना. मीही म्हटले. मागून घड्याळाचा हात वर.

"सर, इतर परिस्थिती कायम म्हणजे काय?"

मी व्याख्या सांगितली.

"ह्या तुम्ही आधी सांगितलास. दुसऱ्या शब्दांत सांगा. आमच्याकडे वारो फिरलो तरी सगळा बदलता. इतर परिस्थिती कायम कधी असता? एखादा उदाहरण सांगा."

मी व्याख्या फळ्यावर लिहिली. मुलं वाट बघत राहिली. माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते. इतकी वर्षं मी ते वाक्य म्हणत आलो होतो, एकदाही त्याच्या आत डोकावलो नव्हतो. रोशन हळूच म्हणाला, "टीचर, सरांका पण समजूक नाय." वर्गात हशा फुटला. टीचर त्याच्यावर डोळे वटारत होत्या, मला सावरून घ्यायला काहीतरी म्हणतही होत्या. मला ते ऐकू आलं नाही. मी पुस्तक मिटलं.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेलो. शिस्तीचा प्रश्न आहे म्हणालो. शाळेच्या शिक्षिकेने कॉलेजच्या तासाला बसणं योग्य दिसत नाही, आमची मुलं हसतात. प्राचार्य कागदांत होते. मान वर न करता "बरोबर आहे" म्हणाले. एवढंच. एका वाक्यात झालं.

पुढच्या शनिवारी टीचरना दारात शिपायाने सांगितलं. त्या व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या. "सर, काय झाला?"

"वरून नियम आलाय, टीचर. मी बोलून पाहिलं."

खोटं. तेही त्यांच्या डोळ्यांत बघून.

"तुम्ही तरी काय करतलास," असं म्हणून त्यांनी उलट माझीच समजूत घातली. मग त्या बाहेर आंब्याच्या पारावर बसून राहू लागल्या, मुलांना परत न्यायला. वर्गाच्या खिडकीतून त्यांची पिशवी दिसायची.

वर्गात बाकी सगळं तेच होतं. तीच खोली, तोच फळा, तीच मुलं, तोच मी. फक्त शेवटच्या बाकावरची एक बाई नव्हती. आणि मुलांचे हात वर यायचे बंद झाले. समिधाने एकदा हात कानापर्यंत नेला. मागून कुणीतरी हसलं, तिने केस सारखे केले. मी पाठ फिरवून लिहीत राहिलो. त्यानंतर तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, समजतंय की नाही. मीही विचारलं नाही. हळूहळू मुलं गळाली. आधी रोशन, मग दुसरी. समिधा शेवटपर्यंत आली. परीक्षेत नापास झाली.

टीचरनी मागितलेलं उदाहरण मला असं मिळालं.

त्या नाताळात टीचरनी माझ्या घरी फराळाचा डबा पाठवला, नेवऱ्या आणि दोदोल. माझी बायको म्हणाली, "केवढ्या आठवणीने पाठवलंय, फोन तरी करा." मी केला. टीचर म्हणाल्या, "तुम्ही पोरांसाठी भांडलास, माका म्हायत आसा." मी म्हटलं, नाही हो, त्यात काय. त्या "नाही हो"चा त्यांनी विनय असा अर्थ घेतला आणि मी घेऊ दिला. डबा माझ्या मुलांनी संपवला. मी एकही नेवरी घेतली नाही, एवढं लिहून मी स्वतःला फार चांगला ठरवत नाही.

बारावी झाल्यावर समिधा मुंबईला मावशीकडे गेली. कपड्यांच्या दुकानात कामाला आहे असं कळलं. तिच्या वडिलांनी अट घातली होती आणि ती पाळली, त्यांना दोष कसा देऊ?

टीचर गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. नवरा पूर्वीच वारलेला, मुलगा परदेशी. शिरोड्याला भावाकडे राहायला निघाल्या. मी मालवणच्या स्टँडवर गेलो. मी मुळात कमी बोलणारा. वर्गात बोलतो ते बोलणं नव्हे. तरी घरून वाक्य तयार करून गेलो होतो.

"टीचर, त्या वर्षी आपल्याबाबत जो निर्णय झाला, त्यामागे प्रशासकीय कारणं होतीच, पण काही प्रमाणात माझ्याकडूनही तसं सुचवलं गेलं असावं."

टीचरनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"सर, माका समजूक नाय. परत एकदा सांगा बघया, सोपा करून."

शिरोड्याची गाडी लागली होती. कंडक्टर बेल मारत होता.

"तुमका मी भायर काढलंय," मी म्हटलं. "प्राचार्यांका मीच सांगितलंय."

"कित्याक?"

"तुम्ही विचारलास तां माका सांगूक येय नाय होता. लाज वाटली."

"म्हणजे नियम नव्हतो?"

"नव्हतो."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. मग हळू म्हणाल्या, "हां. आता समाजला."

पिशवी उचलून त्या गाडीत चढल्या. पिशवीत खाजा होता, वास आला. मला तुकडा दिला नाही. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, माफ केलं म्हणतील. बाईंचा स्वभाव तसा होता, आणि त्याच आशेने मी स्टँडवर आलो होतो, हेही आता कबूल करतो.

"सर, समिधाक पण सांगा," टीचर म्हणाल्या. "ता पोर अजून समाजता, आपणाक डोकाच नाय. तिका सांगा. असाच, सोपा करून."

गाडी गेली.

समिधा चतुर्थीला घरी येते. मी तिच्या अंगणात जाणार आहे, वडील असतील तर त्यांच्यासमोर. काय बोलायचं ते ठरलेलं आहे. जे वाक्य टीचरना एकदाच ऐकून समजलं, तेच.