मोठ्यानं बोलून काम करणारे थूल साहेब

थूल साहेब आमच्या शेजारी राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, या घरात भांडण आहे. आतून साहेब ओरडले, "गॅस बंद!" लगेच त्यांच्या पत्नी सुमनबाईंचा आवाज, "गॅस बंद!" मग "मागच्या दाराले कडी!" नि परत "मागच्या दाराले कडी!" थोड्या वेळानं दोघं हसतमुखानं बाहेर आले आणि मला नमस्कार केला.

मी विचारलंच, "काऊन जी, कोणाले ऐकू कमी येते का?"

"नाई जी बाई," साहेब म्हणाले, "रेल्वेची सवय हाय."

साहेबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली. इंजिनात दोघं असतात, सिग्नल दिसला की एक मोठ्यानं सांगतो आणि दुसरा तेच परत म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. साहेबांनी ती रीत घरी आणली. सुमनबाई म्हणतात, "लग्नापासून मी यांची दुसरी ड्रायव्हर हावो!"

आता साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सगळे लिहिताहेत. आमच्या सिंदी गावातल्या किती मुलामुलींना त्यांनी वाचनालयात बसून संगणक शिकवला, ते शिकलेले लोक लिहितीलच. मी चौथी पास. पण माझ्या छातीवरचा धोंडा त्यांनी उतरवला, तो कसा, हे माझ्याशिवाय कोण लिहिणार?

माझी नात पल्लवी पुण्याहून नोकरी सोडून आली, तेव्हा पोरीच्या अंगावर नुसती हाडं होती. तिथं भाड्याच्या खोलीत तिला जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती. इथं जरा सावरली, तर घरबसल्या कामाची एक संधी आली. आधी एक काम करून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी, नाही तर पुन्हा पुण्याची ती खोली. मला त्या खोलीचीच धास्ती.

काम होतं बिनमालकाच्या बाजाराचं. आपल्या कापसाच्या बाजारात मधे अडत्या असतो, या बाजारात तसा कोणीच नसतो. संगणकातली नाणी लोक आपसांत बदलतात, आणि ज्या संगणकांवर तो बाजार चालतो त्यांना नोड म्हणतात. पल्लवीला अशा एका नोडला एपीआय बसवायचा होता. एपीआय म्हणजे खिडकी, असं तिनं मला समजावलं. दुसऱ्या प्रोग्रामनं त्या खिडकीतून भाव विचारायचा, सौदा सांगायचा. नोडच्या आत तिला काम देणाऱ्या गटातल्या लोकांची खऱ्या पैशाच्या मोलाची नाणी ठेवलेली होती.

काम संपलं त्या दुपारी तिनं साहेबांना बोलावलं. "झालं आबाजी, आता फक्त सुरू करतो."

"थांब माय. एकेक ओळ मोठ्यानं सांग. आकडे नको वाचू, अर्थ सांग. शेवंताबाई परत म्हणतीन."

"मी?" मी म्हटलं. "मले काय समजते जी त्यातलं?"

"म्हणूनच तर! ज्याले समजते, तो न ऐकताच हो म्हणते."

पल्लवी हसत सांगू लागली. "खिडकी सुरू."

"खिडकी सुरू," मी म्हटलं.

"पासवर्ड सध्या बंद."

"पासवर्ड सध्या बंद."

"आत कोणाले येऊ द्यायचं, सगळ्यायले."

"सगळ्याय..." मी थांबले. "सगळ्यायले काऊन वं? आत लोकायची नाणी हायेत म्हणाली ना तू?"

पोरीचा चेहरा कागदासारखा झाला. तपासताना मोबाईलवरूनही आत जाता यावं, सारखा पासवर्ड टाकावा लागू नये म्हणून तिनं तसं केलं होतं आणि बदलायला विसरली होती. सुरू केलं असतं, तर जगातला कोणीही त्या खिडकीतून हात घालून नाणी नेऊ शकला असता. ती रडायलाच लागली.

साहेब एका शब्दानं रागावले नाहीत. तिच्याजवळ खाली बसले. "रडू नको. म्या एकदा सिग्नलची तार उलटी जोडलती. तपासताना सापडली, म्हणून आज तुह्या आजीच्या हातचा चहा पिऊन राह्यलो. बदलव त्या ओळी."

तिनं बदलल्या आणि खिडकी सुरू केली. आता फक्त त्याच संगणकावरून आत जाता येणार, तेही पासवर्ड देऊन. साहेब आपल्या घरी गेले, स्वतःच्या मोबाईलवरून खिडकी ठोठावून पाहिली, आणि कुंपणापलीकडून ओरडले, "नाई उघडत!"

आम्ही दोघी इकडून ओरडलो, "नाई उघडत!" सुमनबाईही ओरडल्या. मला तर हसू नि रडू एकदमच आलं.

साहेबांचा मोठेपणा पुढेच आहे. वाचनालयात ही गोष्ट ते मुलांना सांगतात, पण चूक कुणाची हे कधी सांगत नाहीत. "एका पोरीनं काम तपासून घेतलं," एवढंच. मी लिहू का विचारलं, तर पल्लवीच म्हणाली, "लिहजो आजी, नाव घालून लिहजो."

नोकरी पक्की झाली. पोरगी आता वेळेवर जेवते, आणखी भाकर मागून घेते.

साहेब, तुम्हांला आणि सुमनबाईंना निरोगी आयुष्य लाभो, डोळे-गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत. माझ्यापाशी द्यायला आशीर्वादच आहे, तोही मनापासूनचा. पोरगी घरी आहे, साहेब. मला रात्री झोप लागते.