पाडव्याची चादर

देवळ्याच्या वहिनींकडे पार्सल आलं की साऱ्या जिन्याला कळायचं. डिलिव्हरीवाला खाली गाडी लावतोय तोवर त्या बाल्कनीतून विचारायच्या, "कोणाचं हाय?" त्याने नाव सांगितलं की घरात वळून ओरडायच्या, "ओंकार, तुझं हाय रे! कितीला घेतलं?" आतून उत्तर यायचं आणि वहिनी तो आकडा पुन्हा एकदा, कुणाला ऐकू गेला नसेल तर जावा म्हणून, मोठ्याने म्हणायच्या. भाऊसाहेबांच्या चपला, ओंकारचे हेडफोन, वहिनींचा स्वतःचा केसांचा रंग, सगळं किमतीसकट जाहीर. इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत बाकीच्यांची पार्सलं पदराखालून घरात जायची, यांची वाजतगाजत जायची. मी समोरच्याच दारात राहायचे. त्या आवाजाने डोकं उठतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. डोकंबिकं काही उठत नव्हतं. मला त्या बाईंचा हेवा वाटायचा, आणि आजही वाटतो.

माहेर आणि सासर दोन्ही देवळ्याचं, दोन्हीकडे कांद्याचा व्यापार, म्हणून त्या देवळ्याच्या वहिनी. भाऊसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, धंद्यासाठी नाशकात येऊन राहिले होते. घरात वहिनींच्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारा ओंकार. वहिनी उंच, आवाज खणखणीत, नाकात चमकी. माझ्याहून मोठ्या असूनही मला 'ताई' म्हणायच्या आणि तेही अशा सुरात, की पुढे भांडायची सोयच राहायची नाही. मी भांडायला म्हणून त्यांच्या दारात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा हातात वाटी घेऊन परत आले. एकदा ठेचा होता, एकदा शेवयांची खीर.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे तारेचा एक आकडा टांगलेला असे, आडतीच्या दुकानात चिठ्ठ्या खोचायला असतो तसा. पार्सल फोडलं की खोक्याचा एक तुकडा फाडायचा, त्यावर वस्तू, ती कोणाची आणि किंमत लिहायची आणि तुकडा तारेत खोचायचा. वस्तू परत पाठवली की तुकडाही निघायचा. हे काम ज्याचं पार्सल त्याने करायचं. सासूबाईंना लिहिता येत नसे, त्यांचा तुकडा ओंकार लिहायचा. मी एकदा म्हटलं, "वहिनी, हे सगळं मोबाइलमध्ये असतंच की!"

"असतं ना," त्या म्हणाल्या. "पण मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात ऱ्हातो, ताई. तार सगळ्यांना दिसती."

मी घरी येऊन तशीच तार दारामागे लावली. तिच्यावर विजेचं एक बिल लागलं, तेही मीच लावलेलं. पुढे त्या तारेला मी किसणी अडकवायला लागले.

खरा सोहळा दिवाळीच्या पाडव्याला असायचा. व्यापाऱ्याच्या घरात पाडवा हा हिशेबाचा दिवस. वहिनींनी तो घरातल्या ऑनलाइन खरेदीला लावून टाकला होता. सकाळी अंघोळी झाल्या की हॉलमध्ये एक जुनी चादर अंथरायची आणि वर्षभरात जे जे मागवलं ते ज्याने त्याने आणून तिच्यावर ठेवायचं. मग तारेवरचा एकेक तुकडा काढायचा, वस्तूशी जुळवायचा, ओंकारने मोबाइलवर बेरीज करायची. वस्तूंचे तीन ढीग व्हायचे. रोज वापरात असलेल्या त्या 'एक नंबर'. कधीमधी लागणाऱ्या त्या 'गोल्टी', म्हणजे बारीक कांद्याला बाजारात म्हणतात तशा. आणि घेऊन नुसत्या पडलेल्या त्या 'सड'. वर्षाचा आकडा वहिनी कपाटाच्या दाराला आतून मार्करने लिहायच्या. सडीतली वस्तू ज्याला हवी त्याला देऊन टाकायची. एवढं झालं की मगच भाऊसाहेब पाटावर बसायचे आणि वहिनी त्यांना ओवाळायच्या.

हे मला इतकं नीट माहीत, कारण पाडव्याच्या फराळाला आम्हा नवराबायकोला आमंत्रण असायचंच. भाऊसाहेबांनी पोट आत जावं म्हणून मागवलेला पट्टा निघाला तेव्हा त्यांनी तो स्वतःच शर्टावरून बांधून दाखवला. तो पोटाला पुरलाच नव्हता. सासूबाई त्यांच्या अहिराणीत, हे काय आहे, म्हणून विचारत राहिल्या, "हाई काय शे?" आणि ओंकार हसून लोळायचा बाकी राहिला. कुणी कुणावर चिडलं नाही. पहिल्या वर्षीची बेरीज ऐकून भाऊसाहेब म्हणाले होते, "एवढ्यात एक म्हैस आली असती!" आकडा पुढच्या वर्षी कमी झाला का, असं मी मुद्दाम खवचटपणे विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाय झाला. नाय झाला तरी चालंल. साठवणीच्या चाळीत कांदा भरला म्हणून काम संपत नाय, ताई, मधी मधी उघडून बघावं लागतं. बंद ठेवला की आतल्या आत सडतो अन् शेजारच्याला धरतो."

आमची चाळ कायमची बंद. आमचे हे सरकारी कचेरीत. यांची पार्सलं कचेरीच्या पत्त्यावर. माझी मैत्रिणीच्या, नाहीतर वहिनींच्या पत्त्यावर, आणि तेवढी त्या जाहीर करत नसत. मुलगी नोकरीला बाहेरगावी, ती सुट्टीला आली की तिचीही बॅग कुणी उघडायची नाही. एकमेकांचं वाईट कुणाच्या मनात नव्हतं. नुसतं सांगायची पद्धत नव्हती. मी काही सांगायला गेले तर हे वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत. तिकडे समोरच्या घरात भाऊसाहेब एवढा मोठा व्यापारी माणूस, पण वहिनी बोलायला लागल्या की टीव्हीचा आवाज बंद करायचे. मला त्यांचा फ्लॅट नको होता, गाडी नको होती. मला तो टीव्ही बंद करणारा नवरा पाहिजे होता. वेगळा नाही, आहे तोच, फक्त ऐकणारा.

माझं माहेर येवल्याचं. माझा भाऊ, दादा, हातमागावर पैठणी विणतो. एका पाडव्याला भाऊसाहेबांनी वहिनींना पैठणी घेतली ती त्याच्याच मागावरची, आणि ती मिळवून दिली मी! जांभळी, काठाला मोर. वहिनी ती नेसून माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या तोंडून "छान दिसताय" हे शब्द निघाले खरे, पण माझी नजर काठावरच्या मोरांवरून हटेना. माझ्याकडे लग्नातली एक होती, घडीवर विरलेली. दादाकडे मागितली असती तर त्याने पैसे घेतले नसते आणि महिन्यांची मजुरी अंगावर घेतली असती. यांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. मग पुढच्या दिवाळीला मी काय केलं? येवल्याच्या लेकीने मोबाइलवर मशीनची पैठणी मागवली. जांभळीच, आणि मोराचीच. इथे घरी यायला नको म्हणून नाव आणि पत्ता दोन्ही वहिनींचं दिलं. पैसे आधीच भरले.

पार्सल दिवाळीच्या धांदलीत आलं. वहिनी बाजारात होत्या, सासूबाईंनी ते घेतलं आणि कपाटावर टाकलं. मला कुणी काही सांगितलं नाही. पाडव्याच्या सकाळी ओंकारने घरातली सगळी खोकी गोळा केली त्यात ते चादरीवर आलं. आम्ही दोघं समोर सोफ्यावर, हातात चकलीची बशी. ओंकारने वरचं नाव वाचलं, "मम्मी, तुझं आहे. पण तारेवर चिठ्ठीच नाही!" त्या घरात बिनचिठ्ठीची वस्तू कधी निघाली नव्हती. त्याने पिशवी फाडली आणि ती जांभळी साडी चादरीवर पसरली.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "अगं, मागच्या पाडव्याला खरी घेतली ना आपण?" ते हळूच म्हणाले. "मग ही कशाला?" सगळे वहिनींकडे बघत होते. मी बशीकडे. वहिनींनी एकदा साडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "माझीच हाय. चिठ्ठी लावायची राहिली." ओंकारने किंमत विचारली. त्यांना ती ठाऊक कुठे होती! त्यांनी ठोकून एक आकडा दिला, साडी उचलली आणि स्वतःच्या हाताने सडीत ठेवली. वर आमचे हे हसून म्हणाले, "काय वहिनी, येवला इतकं जवळ असून! उद्या हिच्या भावाच्या कानावर घालतो."

आणि घातलंच त्यांनी. भाऊबीजेला दादा आला, मी ओवाळलं, आणि तबक खाली ठेवायच्या आत यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली. दादाचं तोंड एवढंसं झालं. "त्या बाई?" तो म्हणाला. "मागाजवळ तास तास बसून माझं काम बघून गेल्या होत्या. त्यांना तरी फरक कळेल असं वाटलं होतं." मी त्याला लाडू वाढला. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त चीड आली ती वहिनींची. माझी चूकसुद्धा त्यांनीच घेतली, आणि ती घेतानाही त्या माझ्यापेक्षा मोठ्या दिसल्या.

दुपारी त्या साडी घेऊन आल्या. हे दादाला सोडायला गेले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. "साडीचं काय नाय हो, ताई," त्या म्हणाल्या. "नेसा, चांगली दिसंल. पण चादरीवर कधी खोटं बोलले नव्हते, ते लय लागलं. मग रात्रीच यांना सांगून टाकलं."

"भाऊसाहेबांना? काय म्हणाले?"

"म्हणले, ताईंना बोलून दाखवू नको."

भाऊसाहेबांनी त्यानंतर नजरेनेसुद्धा मला काही जाणवू दिलं नाही. त्यांच्या घरातलं खोटं एक रात्रसुद्धा टिकलं नाही आणि माझं माझ्या कपाटात घडी घालून बसलं. वहिनींना सांगायला माणूस होता. त्या दिवशी मला त्यांच्या पैठणीपेक्षा त्या रात्रीच्या बोलण्याचा हेवा वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांच्या थोरल्या भावाने अंथरूण धरलं आणि गावचा व्यापार बघायला ती मंडळी देवळ्याला परत गेली. टेम्पो भरला, सासूबाई गाडीत बसल्या. मी निरोपाला खाली गेले, मनात म्हटलं, चला, आता जिना शांत होईल. वहिनींनी माझा हात धरला. "ताई, पाडव्याला चादर टाका. अन् पहिली वस्तू आपली टाकायची. ती पण चांगली नाय, लपवलेली. मग बाकीच्यांना धीर येतो." गाडी वळेपर्यंत मी ठीक होते. वर आल्यावर समोरच्या दाराला कुलूप दिसलं आणि मी जिन्यातच बसून रडले. ज्यांचा एवढा हेवा केला त्या निघून गेल्यावर असं व्हावं, याचाही मला राग आला.

जिना खरोखरच शांत झाला. त्या पाडव्याला मी हॉलमध्ये चादर अंथरली. "हे काय, देवळ्याच्या वहिनींची नक्कल?" हे म्हणाले. मी म्हटलं, हो, नक्कल. आत गेले, कपाटातून ती जांभळी साडी आणली आणि चादरीवर ठेवली.

"ही तर वहिनींची!"

"माझी आहे," मी म्हणाले, आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. दादाचं, चिठ्ठीचं, वहिनींनी माझ्यासाठी बोललेल्या खोट्याचं.

हे पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं जिवावर उदार होऊन बोलले आणि हा माणूस चेष्टा करतो! मी चादर ओढून घेणार तेवढ्यात ते उठले. कचेरीच्या बॅगेतून त्यांनी दोन छोट्या डब्या काढल्या आणि साडीशेजारी ठेवल्या. दोन्हीत कानाची यंत्रं होती, स्वस्तातली, मोबाइलवर मागवलेली.

"शिट्टी वाजते दोन्हींना," ते म्हणाले. "डाव्या कानाने जवळजवळ काही येत नाही. तू खाली मान घालून बोललीस की मला फक्त 'दादा' कळतं."

जेवताना मी कायम त्यांच्या डाव्या हाताला बसायचे. "मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं, या वेळी तोंड वर करून.

"काय सांगणार? भाऊसाहेबांचे कान बघा, म्हणाली असतीस."

मी म्हणाले असते. नक्की म्हणाले असते. त्यांच्या समोर बसून मी सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा, आणि त्यांनी मधेच उठून टीव्ही बंद केला.

दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, चांगलं यंत्र लिहून दिलं, आणि म्हणाले की थोडं आधी आला असता तर डावा कान बराच वाचवता आला असता. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. मला समोरचं ते घर दिसत होतं. तिथे ही डबी पहिल्याच पाडव्याला चादरीवर आली असती आणि वहिनींनी त्याच आठवड्यात हाताला धरून दवाखाना गाठला असता. इतका हेवा मला त्यांचा आजवर कधी वाटला नव्हता.