पुरा कोयता

दगडाबाईनं आयुष्यात एकदाच घाई केली, आणि तीच तिला नडली.

पाथर्डीकडच्या तिच्या वस्तीवर दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात आणि माणसं ट्रॉलीत बसून कोल्हारकडच्या उसाला जातात. तोडीला जोडी लागते. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. अशा जोडीलाच तिकडं कोयता म्हणतात. नवरा गेल्यावर दगडाबाईनं पोरगा अजिनाथ याच्याबरोबर कोयता धरला. पण मोळ्या वाहून मान गेली, कंबर गेली. सून आली की ती मोळ्या वाहील, आपण खोपीवर बसून भाकरी थापू, असा साधा विचार करून तिनं नातेवाइकांच्या हात धुऊन मागं लागून पोराचं लग्न उरकलं. दिपाली आली. कोयता पुरा झाला आणि म्हातारी वरकड झाली, हे अक्षता टाकणाऱ्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

मागं राहायची तिला फार भीती होती. मागल्या साली शेजारची बनुबाई अशीच एकटी राहिली आणि घरातच मेली. वास सुटला तेव्हा कळलं.

म्हणून ट्रॉली भरायला लागल्यावर दगडाबाई गाठोडं घेऊन येऊन उभी राहिली. मुकादम आसाराम हसला. "मावशी, तुमचा कोयता कंचा?"

"सैपाक करीन की. कोपऱ्यात बसंन."

"कोपरा हाय कुठं? जोड्यांनाच जागा पुरंना."

तिनं लेकाकडं पाहिलं. अजिनाथ दोरी आवळत राहिला. दिपालीच हळू आवाजात म्हणाली, "अवो, आत्याला घ्या ना."

"तू गप बस," तो खेकसला. "तितं हिला काय झालं, तर तोड सोडून कोन करनार हिचं?" आईच्या तोंडावर बोलला, मेल्याला लाजही वाटली नाही.

मग शेळ्या चढल्या, कोंबड्यांचं डालगं चढलं. कुत्रा तेवढा चढेना. तो दगडाबाईच्या पायाशी घोटाळत राहिला.

"आई, त्याला वर दे," अजिनाथ म्हणाला. "खोपीवर राखन लागती."

दगडाबाईनं गाठोडं खाली ठेवलं. मोडक्या कमरेनं वाकून कुत्र्याला उचललं आणि लेकाच्या हातात दिलं.